वेगळा कॅन

"मास्टायटिस आहे. घाबरण्यासारखं काही नाही," लेडी डॉक्टर म्हणाल्या आणि मी फिस्सकन हसले. अंगात ताप होता, छातीची डावी बाजू कुणाला हात लावू देत नव्हती, मांडीवरचं बाळ भुकेनं लालबुंद झालं होतं, आणि मी हसले. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. पडद्यापलीकडं आमचे हे दुपट्यांची पिशवी धरून उभे होते, त्यांनी खाकरून मला सावध केलं. लग्न होऊन पुण्यात आल्यापासून माझ्या भलत्या जागी हसण्याची त्यांना सवय झाली आहे, पण चारचौघांत अजून त्यांना कसनुसं होतं. डॉक्टरांना तरी काय सांगणार होते मी? की बाई, हा शब्द मी आधी ऐकलाय, फक्त तेव्हा तो गाईबद्दल होता? आमच्या गावात तो पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा जमलेल्या सगळ्या माणसांनी गंभीरपणे माना डोलावल्या होत्या आणि कुणालाही तो कळला नव्हता. मी चिठ्ठी घेतली आणि बाहेर आले.

रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळत होती आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली, कोबीची पानं बांध म्हणाल्या, त्यांच्या भाचीला कुठल्या गोळ्यांनी गुण आला ते सांगितलं. सगळी माणसं चांगली आहेत. पण मला त्या वेळी माझी आई हवी होती. आई गेल्या वर्षी गेली, आणि बाळंतपणाला जायला माहेर नाही ही गोष्ट मला इतके दिवस नुसती माहीत होती. त्या दुपारी ती खरोखर कळली. ती असती तर तिनं डोळे मिटून नुसत्या बोटांनी चाचपलं असतं आणि म्हणाली असती, "दगडी झालीया." गाईच्या कासेला सूज येऊन ती कडक झाली की आमच्याकडं दगडी म्हणतात. लेकीला आणि गाईला तिनं एकच शब्द वापरला असता, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नसतं. पिशवीची ऊब हळूहळू आत उतरत होती. छताचा पंखा फिरत होता. मी डोळे मिटले तर नाकात कडब्याचा आणि शेणाचा वास आला, असा ताजा की मी उठून बसायच्या बेतात होते.

आमची गाय तांबड्या अंगाची, काळ्या नाकाडाची होती. सरकारी योजनेतून आलेली जर्सी. आईनं तिचं नाव हौसा ठेवलं. ती ट्रकमधून उतरली तेव्हा आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं नुसती बघत उभी राहिली, कारण त्यांच्या तरुणपणी आमच्या माणसांकडं गाय यायची ती मेलेली. गावातलं ढोर मेलं की ओढून न्यायचं काम आमचं. धम्म घेतला त्या साली सगळ्यांनी ते सोडलं, आणि सोडल्यावर गावानं बरीच वर्षं तोंडं वाकडी केली. आता त्याच वस्तीत जिवंत गाय आली होती, चालत, शेपटी हलवत. कोंडाबाई नावाची आमची एक चुलत आजी होती, तिनं हौसाच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "ऊन ऊन लागतीया गं," ती म्हणाली. बाबा ढोकीच्या साखर कारखान्यात हंगामाला असायचे, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, त्यामुळं हौसा खऱ्या अर्थानं आईचीच. आई तिच्याशी माणसाशी बोलावं तसं बोलायची. माझ्याशी ती एवढं कधी बोलली नाही, आणि त्याचा मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, मी नुसती दारात बसून ऐकत होते तेच किती चांगलं होतं.

गावात दूध सोसायटी निघाली होती. चेअरमन महांतप्पा. त्यांचं किराणा दुकान होतं, शेत होतं, कपाळाला भस्म आणि बोलणं लोण्यासारखं मऊ. सोसायटीत आमच्याखेरीज सगळी घरं वरच्या आळीतली. जर्सी गाय म्हणजे त्या घरांतल्या बायकांनाही नवीनच प्रकरण. ती लाथ मारते म्हणून त्या भ्यायच्या. म्हणून धार काढायला सोसायटीनं वीरप्पाला ठेवला. वीरप्पा आळंदच्या बाजूचा, कानडी बोलणारा, रुंद हातांचा माणूस. त्याच्या हातात जादू आहे असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंच असावं. तो "बा, बा" म्हणत जवळ गेला की बिथरलेली गाय उभी राहायची, मराठी माणसांच्या घरातल्या गाई कानडी शिकल्या म्हणून पोरं हसायची. पहाटे तो एका खांद्यावर फडकं टाकून, हातात तांब्या घेऊन निघायचा. त्या तांब्याभर पाण्यात फडकं बुडवून एका घरची कास पुसायची, धार काढायची, तेच फडकं, तोच तांब्या घेऊन पुढच्या घरी. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी टँकरच्या मागं धावून पाणी भरलं, त्या माणसांनी गाईच्या कासेला घरटी वेगळं पाणी वापरलं असतं तर लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असतं. वीरप्पाची तर ती शेखीच होती. एका तांब्यात सगळी आळी करतो, म्हणायचा. त्याची ती फेरी महांतप्पांच्या वाड्यापासून सुरू व्हायची आणि मारुतीच्या देवळापाशी संपायची. आमची वस्ती ओढ्यापलीकडं होती. तिकडं तो कधी आला नाही. आई आपली धार आपणच काढायची, आपल्या आडाचं पाणी, आपलं जुन्या लुगड्याचं फडकं, आणि मी कासंडी घेऊन ओढा ओलांडून सोसायटीत जायची. सोसायटीच्या पडवीत कॅनच्या तोंडावर पांढरं कापड बांधलेलं असायचं. सगळ्यांचं दूध त्यातून गाळून एकाच कॅनमध्ये पडायचं. आमचं दूध त्यात पडताना होणारा आवाज मी मुद्दाम ऐकायची. दुसऱ्यांच्या दुधापेक्षा तो वेगळा नव्हता, हेच तर मला ऐकायचं असायचं.

मग कॅन परत यायला लागला. कळंबच्या दूध केंद्रात प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध उकळून बघायचे, फाटलं की त्या सोसायटीचं त्या दिवशीचं सगळं दूध परत. सकाळी गेलेला कॅन दुपारी परत यायचा, उन्हानं आंबूस झालेला, आणि सभासद आपापल्या हिश्शाचं दूध परत नेऊन गटारात ओतायचे. एकदा झालं, दोनदा झालं, मग वरचेवर व्हायला लागलं. आम्ही सोसायटीत आलो होतो पावसाळ्यात आणि हे सुरू झालं दिवाळीच्या आधी. माणसांना एवढा हिशोब पुरतो. कुणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्या गावात तोंडावर बोलायची पद्धतच नाही. एका संध्याकाळी मी कासंडी घेऊन गेले तर मोठ्या कॅनशेजारी एक छोटा कॅन ठेवलेला होता, नवा, चकचकीत. महांतप्पा स्वतः उठून आले. "गुलाब, आईला सांग," ते म्हणाले, "तुमच्या दुधासाठी खास वेगळा कॅन मागवलाय. तुमचं दूध लई घट्ट असतंया, त्याचं माप वेगळं व्हायला पायजे." मी नववीत होते. मला त्यांचं म्हणणं शब्दाशब्दाला कळलं, घट्टपणाचंही आणि कॅनचंही. त्या छोट्या कॅनमध्ये दूध पडलं तेव्हा पत्र्याचा पोकळ आवाज आला. घरी येऊन मी आईला सांगितलं. ती हौसाला पेंड घालत होती, ती घालतच राहिली.

त्या दिवसापासून आई बदलली. बाहेरून नाही, बाहेरून ती तशीच कामं करत होती. पण मी तिच्याकडं बघायची तेव्हा ती आपल्या हातांकडं बघत असायची. केंद्राच्या वहीत सोसायटीचा नंबर एकच होता, त्यामुळं मोठा कॅन फाटला की आमचाही छोटा कॅन न तपासताच परत यायचा, आणि परत आल्यावर ऊन खाऊन तोही नासलेला असायचा. मग कुणाचं दूध मुळात वाईट हे कळणार कसं? सकाळी धार काढल्यावर आई भगुल्यात थोडं दूध चुलीवर ठेवून त्याच्याकडं टक लावून बघत बसायची. ते कधी फाटलं नाही. मी म्हणाले, "आई, हे त्यांना दाखवू की." ती म्हणाली, "आपल्या भगुल्यात बघायला कोण येतंया?" तरी तिची खात्री नव्हती, ते मला कळत होतं. ती हौसाचा एकेक सड चाचपायची, पुन्हा पुन्हा, तिला नक्की काहीतरी सापडेल अशा भीतीनं. इतकी माणसं एक गोष्ट मानत असली की आपल्यालाही ती खरी वाटायला लागते, अगदी आपल्या गोठ्यात उभं राहूनसुद्धा. मग कानावर आलं की पुढच्या बैठकीत मालनबाईंचं, म्हणजे आईचं, नाव कमी करायचा ठराव येणार. नाव कमी झालं की दूध घालता येणार नाही, आणि दूध घालत नसलेल्या घरी योजनेची गाय ठेवत नाहीत. ती परत जाणार. त्या रात्री आई जेवली नाही. हौसा जाणार याचं तिला दुःख होतंच, पण मला वाटतं त्याहून जास्त तिला ते ओढा ओलांडून जाणं, त्या पडवीत उभं राहणं आणि आपलं दूध इतरांच्या दुधात पडणं जाणार याचं होतं. हे ती कधी बोलली नाही. मी आता, पुण्यात, कुशीवर वळताही येत नसताना, तिच्या वतीनं बोलते आहे.

बैठकीच्या आधी महांतप्पांनीच कळंबहून गुरांचा डॉक्टर बोलावला, म्हणजे ठरावाला कागदी आधार मिळेल. डॉक्टर तरुण होता, मिशा नुकत्याच राखलेल्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट. महांतप्पा म्हणाले, "आधी ओढ्यापलीकडंच बघा." सगळी वरची आळी मागून आली आणि ओढ्याच्या अलीकडंच थांबली. डॉक्टर एकटाच सरळ गोठ्यात शिरला. त्यानं पिशवीतून एक पांढरी प्लास्टिकची थाळी काढली, दांडा असलेली, तिला चार वाट्या. एकेका सडाचं दूध एकेका वाटीत. आईनं धार दिली. कधी नव्हे ती पहिली धार वाटीबाहेर गेली. मग त्यानं बाटलीतलं जांभळं औषध प्रत्येक वाटीत तेवढंच घातलं. "आता बघा. दूध खराब असेल तर लगेच घट्ट होईल, खळीसारखं. चांगलं असेल तर पाण्यासारखं पातळ राहील," म्हणाला आणि थाळी गोल गोल हलवायला लागला. मी त्या चार वाट्यांकडं बघत होते आणि मला दुसरं काहीही दिसत नव्हतं. जांभळं दूध फिरत होतं. मला प्रत्येक क्षणाला ते घट्ट होतंय असं वाटत होतं. डॉक्टरनं थाळी तिरकी केली. दूध एका कडेला सरळ वाहत गेलं, चारही वाट्यांत, पातळच्या पातळ. त्यानं पुन्हा एकदा केलं, तरी तसंच. "गाय एकदम निरोगी आहे," तो मोठ्यानं म्हणाला. आई खाली बसली. तिनं हौसाच्या पायाला हात लावला आणि तशीच बसून राहिली. माझ्या आयुष्यात मला पुढं बऱ्याच गोष्टी मिळाल्या, नोकरी मिळाली, हे मिळाले, पण त्या जांभळ्या वाट्यांइतकं सुख मला कशानंच झालेलं नाही, हे मी यांना कधी सांगितलेलं नाही.

मग डॉक्टर वरच्या आळीत गेला आणि आम्हीही मागोमाग गेलो. त्या दिवशी आम्हाला कुणी अडवलं नाही. महांतप्पांच्या गाईच्या दोन वाट्या बघता बघता आळून आल्या, थाळी तिरकी केली तर त्यातलं दूध गोळा होऊन लोंबायला लागलं. त्यांच्या बायको शांतम्मा तोंडावर पदर घेऊन आत निघून गेल्या. पुढच्या घरी एक वाटी, त्याच्या पुढच्या घरी तीन. मारुतीच्या देवळापर्यंत एकही घर सुटलं नाही. "मास्टायटिस," डॉक्टर प्रत्येक ठिकाणी म्हणत होता आणि माणसं माना डोलावत होती. शेवटी त्यानं विचारलं, "धार कोण काढतं?" वीरप्पा पुढं आला, खांद्यावर ते फडकं. डॉक्टरनं ते हातात घेतलं, वास घेतला. "याच एका फडक्यानं सगळ्यांची कास पुसता?" "हौदु," वीरप्पा म्हणाला, आणि मग हे काहीतरी भलतं होतंय हे उमगून मराठीत म्हणाला, "व्हय साहेब. एका तांब्यात." "एका आजारी गाईचं दुखणं तुम्ही प्रत्येक दारात पोचवलंत," डॉक्टर म्हणाला. वीरप्पानं आपले दोन्ही हात पुढं धरून बघितले. मला त्याची फार दया आली, अजूनही येते. त्या माणसाला आपल्या हातांचाच तेवढा अभिमान होता. डॉक्टर परगावचा होता, त्याला काही माहीत नव्हतं. तो आईकडं वळून म्हणाला, "मग हे तुमच्याकडं का येत नाहीत?" सगळी आळी जमिनीकडं बघायला लागली. आई म्हणाली, "आमचं घर वाटंवर न्हाय, साहेब." तेवढंच. ज्या कारणानं तो आमच्या दारात येत नव्हता, त्याच कारणानं आमची गाय वाचली होती, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं आणि कुणीही ते बोललं नाही.

बाळ रडलं म्हणून मी मध्येच उठले. डॉक्टरांनी सांगितलंय, दुखऱ्या बाजूनंही पाजायचंच, साचू द्यायचं नाही. मी दात आवळून पाजलं. ह्यांनी विचारलं, "कसला विचार करतेयस एवढा?" मी म्हटलं, "गाईचा." ते हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. त्यांचं बालपण सदाशिव पेठेच्या मागच्या चाळीतलं, दूध त्यांच्याकडं नेहमी बाटलीतूनच आलं. चांगला माणूस आहे, पण काही गोष्टी सांगायला लागलं की आधी पन्नास गोष्टी सांगाव्या लागतात, आणि त्या पन्नास सांगून होईपर्यंत मूळ गोष्ट जुनी होते. मी बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिले. दुपार कलली होती.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या पडवीत सगळे जमले. ठरावाचं नाव कुणी काढलं नाही. डॉक्टर समजावून सांगत होता: प्रत्येक घरी वेगळं पाणी, वेगळं फडकं, दुखऱ्या सडाचं दूध खड्ड्यात, सडात औषधाच्या नळ्या. माणसं ऐकत होती, पण त्या संध्याकाळचं दूध तोवर कॅनमध्ये पडलेलं होतं, नेहमीसारखं सगळ्या सडांचं. इतकं दूध खड्ड्यात ओतायला कुणाचा हात धजला नव्हता. "हा कॅन उद्या परत येणारच," डॉक्टर वैतागून म्हणाला. "निदान चांगलं दूध तरी यात मिसळू नका. वेगळं ठेवा." महांतप्पांचा चेहरा एकदम उजळला. मी तो चेहरा कधी विसरणार नाही. त्यात लबाडी नव्हती, नुसती सुटका होती. "बरुबर हाय साहेब," ते म्हणाले. "म्हणजे मालनबाईंचा कॅन हाय तसा वेगळाच राहू द्यायचा. आता तर डॉक्टरसाहेबच म्हणत्यात." पडवीतल्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कारण उलटं झालं होतं, पण कॅन तिथंच होता, भिंतीकडेला, झाकण लावलेला. मला तर अभिमानच वाटला. आमचं दूध गावात एकटं चांगलं, म्हणून वेगळं! मी आईकडं बघितलं. ती त्या छोट्या कॅनकडं बघत होती, मग मोठ्या कॅनकडं. तिनं माझ्या हातातली कासंडी घेतली, दोन पावलं टाकली आणि मोठ्या कॅनच्या तोंडावरच्या कापडावर सगळं दूध ओतलं, सावकाश, थेंबही बाहेर न सांडता.

"अहो बाई!" डॉक्टर ओरडला. "चांगलं दूध वाया घालवलंत तुम्ही!"

"असू द्या साहेब," आई म्हणाली. "परत आलं तर समद्यांच्या संगं परत येऊ द्या."

 घरी येताना मला इतका राग आला होता की ओढ्यात मी मुद्दाम तिच्या पुढं चालले. एकदाच, एकदाच आयुष्यात आपण सगळ्या गावापेक्षा वरचढ ठरलो होतो, आणि हिनं ते त्या नासक्या दुधात ओतून दिलं. पुढं औषधं झाली, दूध सुधारलं, त्या छोट्या कॅनमध्ये महांतप्पांनी दुकानातलं रॉकेल ठेवलं, आईचं नाव सोसायटीत शेवटपर्यंत राहिलं. तरी तो राग माझ्या पोटात कितीतरी वर्षं होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा भाग अजून आहे. पण मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची दुपार. कॅन परत आला, डॉक्टर म्हणाला होता तसाच. पडवीत सगळी आळी आपापली भांडी घेऊन उभी होती, नासलेलं दूध परत न्यायला, आणि आई त्यांच्यात उभी होती. शांतम्मा तिच्या पुढं होत्या, आणखी कोण तरी मागं. महांतप्पांनी त्याच मापानं तिच्या कासंडीत तिचा हिस्सा घातला. ती कासंडी डोक्यावर घेऊन ती गावाच्या मधल्या रस्त्यानं घरी आली, घरामागच्या खड्ड्यापाशी थांबली आणि मला हाक मारली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, असं हसू मी तिच्या चेहऱ्यावर आधी पाहिलं नव्हतं. "हसतीस काय?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

"आपलं बी फाटलं की गं, गुले," ती म्हणाली, आणि तिनं कासंडी वाकडी केली.